मृगातले पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२०१६ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. हे धरण आमच्याच केज तालुक्यात, धनेगावला आहे. लातूर, अंबाजोगाई, कळंब, केज अशा कितीतरी गावांची तहान त्याच्यावर भागते. धरणातच पाणी नाही म्हटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, तेव्हा ते पाहायला स्टेशनवर गर्दी झाली होती.

आमच्या गल्लीत टँकर यायचा. त्याची वेळ ठरलेली नसे. म्हणून हंडे, घागरी आणि प्लॅस्टिकचे डबे सकाळपासूनच रांगेत बसलेले असत आणि माणसे सावली धरून उभी. त्या रांगेत शेजारचा एक नववीतला मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "चाचा, पाणी म्हणजे एच-टू-ओ. हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पुस्तकात तसंच लिहिलंय. मग सरकार पाणी तयार का करत नाही? रेल्वेनं कशाला आणायचं?"

रांगेतली माणसे हसली. मीही हसलो. पण हसणे म्हणजे काही उत्तर नव्हे. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. "तुझ्या विज्ञानाच्या सरांना विचार," असे सांगून मी वेळ मारून नेली.

त्या दिवशी टँकर आलाच नाही. घरात एकच घागर उरली होती, ती पिण्यासाठी राखलेली. मगरिबच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा अम्मीने वजू केले नाही. अंगणातल्या कोरड्या स्वच्छ मातीवर दोन्ही तळवे टेकवले, झटकले आणि चेहऱ्यावरून व हातांवरून फिरवले. याला तयम्मुम म्हणतात. पाणी मिळत नसेल, किंवा असलेले पाणी पिण्यासाठी हवे असेल, तर मातीने शुद्ध होण्याची ही मुभा आहे. लहानपणापासून मी हे पाहत आलो आहे. पण त्या संध्याकाळी पाण्याच्या जागी माती पाहताना त्या मुलाचा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

श्रोतेहो, त्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी पुस्तकांमागून पुस्तके वाचली. जयंत नारळीकरांच्या मराठी पुस्तकांपासून सुरुवात केली. सगळे समजले असे म्हणणार नाही. पण जे समजले, ते मला थेट धुळीपाशी घेऊन गेले. विश्वातले पाणी मुख्यतः धुळीच्या कणांवर तयार होते. ते कसे, हे आज सांगतो.

त्यासाठी आपण मृग नक्षत्रात जाऊ.

मृग म्हटले की शेतकऱ्याला पाऊस आठवतो. दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि आपण आभाळाकडे बघू लागतो. पण त्या दिवसांत मृगाच्या चांदण्या आपल्याला दिसत नाहीत, कारण त्या सूर्याच्या बाजूला असतात. त्या पाहायच्या तर हिवाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत जेवणे उरकून अंगणात आले की चार ठळक तारे चौकोनात दिसतात. ते हरणाचे चार पाय. मधोमध एका ओळीत तीन तारे, तो हरणाला लागलेला बाण. आणि बाणाच्या रेषेत पुढे गेले की लखलखणारा व्याध. चार पायांपैकी तांबूस दिसणारा तारा काक्षी आणि निळसर पांढरा तो राजन्य. इंग्रजीत काक्षीला बीटलज्यूस आणि राजन्याला रायजेल म्हणतात. ही दोन्ही नावे मुळात अरबी आहेत. 'रिज्ल' म्हणजे पाय, त्याचे रायजेल झाले.

आता बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली पाहा. तिथे मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे आणि तिच्या मध्यावर एक धूसर ठिपका. चष्म्याच्या काचेवर वाफ बसावी तसा. तो तारा नाही. वायू आणि धूळ यांचा तो प्रचंड ढग आहे आणि तिथे नवे तारे जन्म घेत आहेत. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

१९६९ मध्ये चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींमध्ये पाण्याच्या वाफेची खूण पकडली. ज्या मोजक्या जागी ती प्रथम सापडली, त्यांपैकी एक हा मृगातला ढग होता. ज्या नक्षत्राच्या नावाने आपण पावसाची वाट पाहतो, त्याच्या चांदण्यांमध्ये खरोखरच पाणी निघाले. अर्थात हा योगायोग आहे. पण आमच्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला तो सुखावून जातो.

तिथे पाणी आले कुठून, हा पुढचा प्रश्न.

ताऱ्यांच्या मधली जागा आपल्याला रिकामी वाटते. ती अगदी रिकामी नाही, पण जवळजवळ रिकामी आहे. आपल्या घरातल्या हवेत साखरेच्या एका दाण्याएवढ्या जागेतही अब्जावधी रेणू असतात. एका घनसेंटिमीटरचा आकडा सांगायचा तर २५ वर अठरा शून्ये. आणि ताऱ्यांमधल्या जागेत तेवढ्याच घनसेंटिमीटरमध्ये सरासरी एखादाच अणू. मृगातल्या ढगासारख्या दाट जागेतही दहा हजार, लाख, फार तर दहा लाख. पृथ्वीवर माणसाने यंत्रे लावून केलेली चांगली निर्वात पोकळीसुद्धा त्यापेक्षा दाट असते.

या पोकळीतल्या दर दहा अणूंपैकी सुमारे नऊ हायड्रोजनचे. त्याखालोखाल हेलियम, पण हेलियम कोणाशी सोयरीक करत नाही. तिसरा क्रमांक ऑक्सिजनचा. म्हणजे सोयरीक करणाऱ्यांत पहिला हायड्रोजन आणि दुसरा ऑक्सिजन. पाणी व्हायला हेच दोन लागतात. सामान भरपूर आहे. अडचण आहे ती त्यांची गाठ पडण्याची.

ती अडचण सांगण्यासाठी गोट्यांचा खेळ आठवतो. शहाबादी फरशीवर दोन गोट्या समोरासमोर सोडल्या तर काय होते? टक्कर होते आणि दोघी दोन दिशांना पळतात. आता त्याच गोट्या उन्हाळ्यातल्या रस्त्यावरच्या फुफाट्यात सोडा. त्या थोडे घरंगळतात आणि थांबतात. त्यांच्या अंगातला वेग धुळीने काढून घेतलेला असतो.

हायड्रोजनच्या दोन अणूंचेही असेच आहे. ते जवळ आले की एकमेकांना ओढतात आणि त्या ओढीत त्यांच्या अंगी बरीच ऊर्जा येते. ही ऊर्जा कोणाला तरी देऊन टाकली तरच ते एकत्र राहू शकतात. नाही तर आले तसे पुन्हा दूर फेकले जातात. पृथ्वीवर आजूबाजूला इतकी गर्दी आहे की तिसरा कोणी तरी ती ऊर्जा घेऊन जातो. पोकळीत तिसरा कोणी नसतो. प्रकाश सोडून ऊर्जा टाकावी, तर दोन सारख्या हायड्रोजन अणूंना ती वाट जवळजवळ बंद आहे. म्हणून मोकळ्या अवकाशात हायड्रोजनचा रेणू, म्हणजे दोन अणूंची जोडी, सहजासहजी जमत नाही. आणि हा तर सगळ्यांत साधा रेणू. मग पाण्याची काय कथा?

इथे धूळ कामाला येते.

अवकाशातली धूळ आपल्या रस्त्यावरच्या धुळीपेक्षा कितीतरी बारीक असते. एक कण साधारण आपल्या केसाच्या जाडीच्या पाचशेव्या ते हजाराव्या भागाएवढा. धुराचे कण असतात त्या जातीचा म्हणा. काही कण दगडी, म्हणजे सिलिकॉन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, लोह यांचे. काही कार्बनचे, आपल्या कंदिलाच्या काचेवर धरणाऱ्या काजळीचे भाऊबंद. वजनाने पाहिले तर वायूच्या शंभर भागांमागे धूळ फक्त एक भाग.

ही धूळ तयार होते म्हाताऱ्या ताऱ्यांभोवती. तारा उतारवयात फुगतो, बाहेरून थंड होतो आणि अंगावरचा वायू सोडत राहतो. तो वायू दूर जाऊन निवला की त्यातून कण धरतात. हेही मृगातच पाहायला मिळाले. २०१९ च्या अखेरीस काक्षी एकाएकी मंद होऊ लागला आणि २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत नुसत्या डोळ्यांनाही फरक कळावा इतका उतरला. आता हा तारा फुटणार, अशी चर्चा जगभर झाली. तो फुटला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले, की ताऱ्याने वायूचा एक मोठा लोट टाकला होता, त्याच्या पृष्ठभागाचा एक भाग निवला होता आणि त्या वायूतून धूळ धरून ती आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आली होती. धूळ जन्मताना माणसाने पाहिली ती अशी.

या धुळीच्या कणांची घडण ओळखण्याच्या कामात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. आयुकातले रंजन गुप्ता आणि अहमदाबादच्या गुजरात कॉलेजातले डी. बी. वैद्य यांनी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, अवकाशातला कण म्हणजे गुळगुळीत गोळी नसून दगडी अंशात कार्बन मिसळलेला सच्छिद्र, ओबडधोबड तुकडा आहे असे धरून हिशेब मांडले. अशा कणांमधून जाताना ताऱ्यांचा प्रकाश किती आणि कसा अडेल, ते त्यांनी काढले आणि प्रत्यक्ष निरीक्षणांशी ताडून पाहिले. ओबडधोबडपणाला महत्त्व आहे. अणूला थांबायला खाचखळगे तिथेच मिळतात.

हे कण रेणूंना जन्म देत असतील, हा विचार जुना आहे. हॉलंडच्या हेंक व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४० च्या दशकातच सुचवले, की अणू धुळीच्या कणांवर चिकटून तिथे त्यांचे बर्फ बनत असावेत. पुढे १९६३ मध्ये रॉबर्ट गूल्ड आणि एडविन साल्पीटर यांनी हायड्रोजनच्या जोड्या कणांवर कशा जमतील याचे गणित मांडले. १९७० मध्ये जॉर्ज कॅरुथर्स यांनी रॉकेटमधून उपकरण पाठवले आणि ययाती तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या प्रकाशात हायड्रोजनच्या रेणूची खूण अवकाशात प्रथमच पाहिली. रेणू तिथे आहेत हे ठरले. ते कणावर बनू शकतात, हे १९९७ मध्ये प्रयोगशाळेत दिसले. वॅलेरिओ पिरोनेल्लो, जानफ्रँको विदाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय थंड केलेल्या ऑलिव्हिन या खनिजावर हायड्रोजनचे अणू सोडून त्यांच्या जोड्या जमताना मोजल्या. हे ऑलिव्हिन काही परके नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या काही थरांतही ते असते.

आता कणावर काय घडते ते पाहू. दाट ढगाच्या पोटात तापमान शून्याखाली सुमारे २६३ अंश असते. हायड्रोजनचा एक भटका अणू कणावर येऊन आदळतो आणि थंडीने तिथेच चिकटतो. पण स्वस्थ बसत नाही. तो हलका असल्यामुळे कणाच्या अंगावर इकडून तिकडे सरकत राहतो. दुसरा अणू यायला वेळ लागतो. अशा ढगात एका कणावर हायड्रोजनचा एखादा अणू येतो, तो साधारण दिवसातून एकदा. पण अवकाशाला घाई नसते. दुसरा येतो, दोघांची गाठ पडते, जोडी जमते. जमताना निघालेली ऊर्जा काही कण घेतो, आणि उरलेल्या ऊर्जेच्या धक्क्याने जोडी कणावरून उडून पुन्हा वायूत मिसळते. फुफाट्याने गोटी थांबवावी तसे हे. कण स्वतः बदलत नाही. तो फक्त भेटीची जागा देतो आणि जादा ऊर्जा सोसतो.

इथे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचक्रोशीतल्या शेतांमध्ये पसरलेल्या आहेत. एकेकटा हायड्रोजन अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो आणि ती या तबकड्यांना ऐकू येते. अशी लहर असली पाहिजे, हे १९४४ मध्ये सांगितले होते त्याच व्हॅन डी हुल्स्ट यांनी. पण दोन अणूंची जोडी जमली की ही लहर बंद होते. थंड ढगातला जोडीदार हायड्रोजन अगदी मुका असतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्याबरोबर राहणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा माग काढतात आणि त्यावरून हायड्रोजनचा अंदाज बांधतात. तबकड्यांना एखाद्या ढगाच्या काठावर हायड्रोजन ऐकू यावा आणि मध्यभागी तो कमी झालेला दिसावा, तेव्हा तिथे धुळीने आपले काम केलेले असते.

हायड्रोजनची जोडी कणावरून उडून जाते, पण पाणी उडत नाही. कणावर ऑक्सिजनचा अणू येऊन बसलेला असतो. भटकणारा हायड्रोजन त्याला भेटतो आणि दोघे मिळून अर्धे पाणी होते. आणखी एक हायड्रोजन येतो आणि पाण्याचा रेणू पुरा होतो. २००८ च्या सुमारास जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात आणि हॉलंडमधल्या लायडन येथे गोठवलेल्या ऑक्सिजनच्या रेणूंवर हायड्रोजनचे अणू सोडून पाणी बनताना पाहिले गेले. म्हणजे वाटा एकाहून जास्त आहेत. इतक्या थंडीत बनलेले पाणी तिथेच गोठते. एकावर एक रेणू साचत लाखो वर्षांत कणावर बर्फाचे अस्तर चढते. जुन्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हळूहळू बर्फाचा थर वाढतो ना, तसेच. फरक इतकाच, की फ्रीजमध्ये हवेतले तयार पाणी गोठते आणि इथे पाणी त्याच जागी तयारही होते.

या अस्तरात पाणी एकटे नसते. कार्बन मोनॉक्साइड कणावर गोठला आणि त्याला एकामागून एक हायड्रोजन मिळत गेले की मिथेनॉल होते. नायट्रोजनपासून अमोनिया, कार्बनपासून मिथेन. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतही अशीच थंडी आणि पोकळी निर्माण करून बर्फाच्या थरांवर प्रयोग केले जातात. २०२३ च्या जानेवारीत जेम्स वेब दुर्बिणीची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. दक्षिण आकाशातल्या एका गडद ढगामागचे तारे पाहताना त्यांच्या प्रकाशात धुळीवरच्या बर्फाच्या खुणा मिळाल्या. पाणी, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन आणि मिथेनॉलसुद्धा. आतापर्यंत अवकाशात तीनशेहून जास्त प्रकारचे रेणू सापडले आहेत. सगळेच धुळीवर बनतात असे नाही. काही वायूतच बनतात. पण पाण्यासाठी थंड ढगांतली मोठी वाट धुळीवरूनच जाते.

धुळीचे आणखी एक काम आहे. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश नाजूक रेणूंना फोडून टाकतो. ढगाच्या बाहेरच्या भागातली धूळ हा प्रकाश अडवते आणि आतल्या भागात अंधार व गारवा राहतो. आमच्याकडे शेतकरी रोपांवर शेडनेट घालतात, त्यातलाच हा प्रकार. मृगातच बाणाच्या एका टोकाशी घोड्याच्या डोक्यासारखा काळा आकार आहे. १८८८ मध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांना तो छायाचित्राच्या काचेवर आढळला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. अशा काळ्या जागा म्हणजे आकाशाला पडलेली भोके, असे कधी काळी वाटे. ती भोके नाहीत. ती धूळ आहे आणि तिच्या सावलीत रेणू सुखरूप असतात.

इथे एक सावधगिरी. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे यांनी १९६२ मध्ये अवकाशातल्या धुळीत ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला कार्बन, असावा असे मांडले. धुळीत कार्बन आहे हे पुढे सर्वमान्य झाले. पण त्या धुळीत जीवाणूच आहेत, हे त्या दोघांचे पुढचे म्हणणे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. धुळीवर पाणी आणि मिथेनॉल बनते, एवढे पुराव्याने सिद्ध आहे. जीव बनतो, असे म्हणायला आधार नाही.

आता मृगातले पाणी मांजरेत कसे आले, ते पाहू. अर्थात मृगातले पाणी तिथेच आहे. पण आपला सूर्यही सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका ढगात जन्मला. ढग आकसला, मधे सूर्य झाला आणि भोवती वायू व धुळीची तबकडी फिरू लागली. त्या धुळीच्या अंगावर बर्फ होताच. प्रश्न असा होता, की सूर्य पेटताना ते जुने पाणी फुटून नव्याने बनले, की जसेच्या तसे पुढच्या पिढीला मिळाले?

याचा निकाल लावायला पाण्याचीच एक खूण कामी आली. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्यूटेरियम. आपल्या समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक जड अणू असतो. विश्वातल्या सर्वसाधारण हायड्रोजनमध्ये हे प्रमाण याहून बरेच कमी आहे. पाण्यात जड भाऊ इतका वाढतो तो प्रामुख्याने कडाक्याच्या थंडीत. म्हणून आपल्या पाण्यातला त्याचा वाटा म्हणजे त्या पाण्याचा जन्मदाखलाच. २०१४ मध्ये इल्सेडोर क्लीव्हज आणि सहकाऱ्यांनी हिशेब करून दाखवले, की नुसत्या सूर्याभोवतीच्या तबकडीत पाणी बनले असते तर ही खूण इतकी ठळक झाली नसती. पृथ्वीच्या समुद्रांतल्या पाण्याचा मोठा वाटा, कदाचित निम्म्यापर्यंत, सूर्याहूनही जुना असला पाहिजे.

आणि २०२३ मध्ये पुन्हा मृगच मदतीला आला. चिली देशातल्या आल्मा दुर्बिणीने मृगातल्या 'व्ही ८८३' नावाच्या एका कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या तबकडीत पाणी मोजले. हा तारा मधूनच भडकतो, त्यामुळे धुळीवरच्या बर्फाची वाफ झाली होती आणि ती मोजता आली. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या किमान १,२०० पट पाणी तिथे निघाले. त्यातले जड पाण्याचे प्रमाण एकीकडे जन्मणाऱ्या ताऱ्यांच्या ढगांशी जुळले आणि दुसरीकडे आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंशी. म्हणजे ढगातले पाणी तबकडीत आणि तबकडीतून धूमकेतूंत फारसे न बदलता उतरते, हे दिसून आले. पुढे असे बर्फाळ आणि पाणी धरून ठेवणारे खडक एकत्र येऊन, आदळून पृथ्वी घडली आणि पाणी आपल्यापर्यंत पोचले. त्यात कोणाचा वाटा किती, यावर संशोधन चालू आहे.

पाण्याचे रेणू आपसात हायड्रोजनची अदलाबदल करत असतात. त्यामुळे माझ्या पेल्यातला अमुक रेणू सूर्याच्या आधीचा, असे बोट ठेवून सांगता येणार नाही. पण एकूण साठ्यावरची ती खूण कायम आहे. समुद्र, ढग, पाऊस, मांजरा आणि पुन्हा समुद्र, असा तोच साठा फिरतो आहे. झाडे थोडे पाणी फोडतात, श्वासातून आणि जळणातून थोडे परत बनते. हिशेब जवळपास तेवढाच राहतो. २०१६ मध्ये मांजरेत नव्हते आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात शेते खरवडून गेले, ते याच साठ्यातले पाणी.

तो नववीतला मुलगा आता मोठा झाला आहे, बाहेरगावी नोकरी करतो. मागच्या ईदला शिरखुर्मा खायला आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं." त्याला प्रश्न आठवतही नव्हता. तरी मी सांगितले. हायड्रोजन जाळून पाणी बनवता येते, यात खोटे काही नाही. पण मोकळा हायड्रोजन आपल्या हवेत जवळजवळ नसतोच. तो मिळवायचा तर पाणीच फोडावे लागते, नाही तर जमिनीतला नैसर्गिक वायू वापरावा लागतो. म्हणजे पाण्यासाठी पाणी मोडायचे. जे काम धुळीने अंधारात, दिवसाला एक अणू अशा गतीने लाखो वर्षे केले, ते टँकरच्या रांगेत उभे राहून आपल्याला करता येणार नाही.

त्याने थोडा विचार केला. मग विचारले, "म्हणजे चाचा, आमच्या शेतातलं बोअर आटलं, ते पाणी पुन्हा कोणी बनवणार नाही?"

मी म्हणालो, "बनवणार नाही. पावसानं परत दिलं, आणि आपण ते मुरू दिलं, तर मिळेल."

अम्मी बाजूलाच बसली होती. धुळीवर पाणी बनते, हे ऐकून तिला नवल वाटले नाही. तिने फक्त विचारले, तो ढग कुठे दिसतो. थंडीच्या दिवसांत मी तिला अंगणात नेले. तिची नजर आता अधू झाली आहे. बाणाचे तीन तारे तिला दिसले, खालचा धूसर ठिपका दिसला नाही. मी तिचा हात धरून बोट त्या दिशेला केले. तुमच्या घरात चांगल्या नजरेचे कोणी लहान मूल असेल, तर या हिवाळ्यात त्याला तो ठिपका नक्की दाखवा. आणि दाखवताना, तिथे पाणी आहे आणि ते धुळीवर बनले आहे, एवढे त्याला सांगा.